मुठीचा मान

“विरोधात कोणी?” नगराध्यक्ष बापूसाहेब शेडबाळे यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पेनाला टोपण लावायला घेतलं.

मी हात वर केला.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. चहाचे कप गोळा करणारा शिपाई तेवढा माझ्याकडं बघून थबकला. मग शेजारच्या नगरसेविकेनं माझं कोपर खाली ओढलं. “अहो कोठावळेबाई, पाठिंब्याचं मघाशीच झालं. आता विरोधाचं विचारतायत.”

“मला कळतंय,” मी म्हटलं. “माझा विरोधच आहे.”

बापूसाहेबांनी टोपण काढलं. “बाई, हे बाळराजांचं लग्न आहे. गटाराचं टेंडर न्हवं.”

“म्हणूनच. गटार असतं तर मी हो म्हटलं असतं.”

दोघंतिघं हसले, पण बापूसाहेब हसले नाहीत. ठराव असा होता : भैरवपेठ संस्थानच्या युवराजांच्या लग्नानिमित्त वेशीपासून राजवाड्यापर्यंत रोषणाई, दोन कमानी, बँड आणि फटाके, खर्च दोन लाख दहा हजार, नगरपालिकेच्या तिजोरीतून. हा विषय सभेच्या विषयपत्रिकेवर नव्हता. अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळी आणला होता. तेवीसजणांच्या सभेत बावीस हात वर झाले होते. दर पंधरा ऑगस्टला राजेशाहीच्या नावानं बोटं मोडणारे आमचे कॉम्रेड सुतार यांचा हात तर सगळ्यात आधी वर गेला होता, कारण कमानीचा मांडववाला त्यांचा मेहुणा होता. आणि राजवाड्यासमोरून जाताना पायातली चप्पल हातात घेणारी मी, एकटी विरोधात बसले होते.

मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, “कारण काय लिहू?”

“लग्न राजघराण्याचं आहे आणि घरपट्टी गावाची आहे. एवढंच लिहा.”

ही ब्याण्णव सालची गोष्ट. बायकांना तीस टक्के जागा राखीव झाल्या तेव्हा भावकीनं मला उभं केलं होतं. घोड्यावर बसवायचं आणि लगाम आपल्या हातात ठेवायचा, असा त्यांचा बेत होता. मी शिवणाचे क्लास घेणारी, जुन्या वळणाची बाई. डोक्यावरचा पदर कधी पडू दिला नाही, सणवार चुकवले नाहीत, आणि राजकारणातलं माझं मत एका वाक्यात मावायचं : सरकारनं पाणी, गटार आणि दिवाबत्ती बघावी, बाकी माणसांना आपापलं करू द्यावं. परवा नात टीव्हीवर परदेशातल्या कुठल्याशा राजघराण्याचं लग्न बघत होती. सोन्याची बग्गी, घोडेस्वार, लाखभर माणसं. मला विचारते, “आजी, हे किती भारी! पण ह्याचे पैसे कोण देतं गं?” मी म्हटलं, हाच प्रश्न मी एकदा विचारला होता आणि गावानं मला वाळीत टाकायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

माझ्या हात वर करण्यानं काय पणाला लागलं होतं, ते आधी सांगायला हवं.

कोठावळे म्हणजे संस्थानच्या धान्यकोठीचे राखणदार. कोठी गेली, संस्थान गेलं, पण एक मान आमच्या घरात राहिला. राजघराण्यात लग्न निघालं की कोठावळ्यांची सून परात घेऊन गावातल्या प्रत्येक उंबऱ्यापुढं उभी राहायची. घरातल्या कर्त्या माणसानं एक मूठ तांदूळ परातीत टाकायचे. सावकार असो की रस्ता झाडणारा, मूठ एकच. दुसरी मूठ कुणी टाकायला लागलं तर ती परत करायची. ते तांदूळ आमच्या घरी कुंकवानं रंगायचे आणि राजवाड्यातल्या लग्नात त्याच अक्षता पडायच्या, दुसऱ्या नाहीत.

शेवटचं असं लग्न झालं होतं एकसष्ट साली, आत्ताच्या आईसाहेबांचं, म्हणजे बाळराजांच्या आईंचं. तेव्हा परात घेऊन फिरल्या होत्या माझ्या सासूबाई, गोजराबाई. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. एकतीस वर्षं त्यांनी पुढच्या लग्नाची वाट बघितली. माझे मामंजी गेल्यावर त्यांचा कुंकवाचा मान संपला, पण त्यांच्या मनात एकच होतं, आपल्या डोळ्यांदेखत सुनेनं परात घ्यावी. वय अठ्ठ्याहत्तर झालं होतं. कुठलं दुखणं आलं की म्हणायच्या, “बाळराजांचं लग्न बघितल्याशिवाय मी काय जात न्हाई.”

सभेतून मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. आत्याबाई सोप्यात बसल्या होत्या.

“हात वर केलास म्हणं?”

“केला.”

“गादीच्या लग्नाला न्हाई म्हणालीस?”

“लग्नाला नाही हो. दिव्यांना.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग उठून आत गेल्या आणि त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. चकार शब्द नाही. जेवायला वाढलं तर जेवायच्या, पण मीठ हवं असलं तरी मुलाला सांगायच्या, “तिला म्हणावं, मीठ.” मी हातभर अंतरावर बसलेली असायची.

आमचे हे एका सहकारी सोसायटीत कारकून होते, स्वभावानं मवाळ. ते म्हणाले, “अगं, बाविसांत तेविसावा हात वर गेला असता तर काय बिघडलं असतं?”

मी म्हटलं, “तुम्ही पण दिवे लावणाऱ्यांतलेच निघालात.”

खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं की एका हातानं काही होत नसतं. पण ठराव माझ्या विरोधासकट जिल्हाधिकाऱ्यांकडं गेला. तिथं कुणीतरी तो नीट वाचला असावा. आठव्या दिवशी स्थगिती आली. दिवे गेले, कमानी गेल्या. कॉम्रेडच्या मेहुण्यानं बांबू आणून टाकले होते, ते परत नेले.

मग गाव माझ्यावर उलटलं. शिवणाच्या क्लासला सोळा मुली यायच्या, त्यातल्या पाच उरल्या. मंडईत बायका पाठ फिरवायच्या. बापूसाहेब चौकात उभं राहून म्हणाले, “ज्यांनी पिढ्यान्पिढ्या गादीचं खाल्लं, त्यांच्याच सुनेनं गादीचा अपमान केला. असल्या घरात अक्षतांचा मान ठेवायचा का, ते आईसाहेबांनी ठरवावं.” दोन दिवसांत गावभर झालं की परात ह्या वेळी बापूसाहेबांच्या घरातनं निघणार. त्यांच्या पत्नीनं नवी पैठणी आणल्याचंही माझ्या कानावर घातलं गेलं.

ते ऐकलं त्या संध्याकाळी मी आत्याबाईंच्या खोलीत डोकावले. भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. मला वाटलं, जाऊन पाय धरावेत. पण पाय धरून काय म्हणणार होते? चुकले, असं मला म्हणवत नव्हतं. मी तशीच मागं फिरले आणि चुलीपुढं बसून रडले. आपण बरोबर आहोत ह्याचा एवढा त्रास मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

लग्नाला बारा दिवस उरले असताना राजवाड्यातनं बोलावणं आलं. आईसाहेबांनी भेटायला बोलावलंय, एकटीला.

राजवाड्याचा पुढचा भाग कॉलेजला भाड्यानं दिला होता. मागच्या बाजूच्या एका लहान खोलीत आईसाहेब टेबलाशी बसून लग्नाच्या पत्रिकांवर स्वतःच्या हातानं नावं लिहीत होत्या. नाकावर चष्मा, बोटाला शाई. मी मुजरा केला आणि खाली सतरंजीवर बसले.

“खुर्ची आहे की.”

“असू द्या, आईसाहेब. मला इथंच बरं वाटतं.”

त्यांनी हातातली पत्रिका पुरी केली, मग माझ्याकडं बघितलं. “ठराव तुम्ही पाडलात.”

“मी एकच हात वर केला होता.”

“एकच पुरला. का केलात?”

“लहान तोंडी मोठा घास होईल.”

“होऊ द्या.”

आता मागं सरण्यात अर्थ नव्हता. “आईसाहेब, गादीनं गावाला द्यावं, गावाचं घेऊ नये, असं ऐकत मी मोठी झाले. आज घरपट्टीतनं आपल्या दारात दिवे लागले असते, तर उद्या बापूसाहेब प्रत्येक भाषणात म्हणाले असते, राजाचं लग्न आम्ही लावून दिलं. मला ते ऐकवलं नसतं. गावात पाणी एक दिवसाआड येतंय, ते वेगळंच. पण पाणी रोज येत असतं तरी मी हात वर केला असता.”

आईसाहेबांनी चष्मा काढून ठेवला.

“मला दिवे हवे होते,” त्या म्हणाल्या. “मी लग्न होऊन आले तेव्हा वेशीपासून इथपर्यंत पलिते होते. सगळा खर्च वाड्याचा. आता तनखा नाही, जमिनी नाहीत. गावाला एक वेळ जेवायला घालायचं, एवढंच मला झेपतंय, तेही दागिने मोडून. बापूसाहेब म्हणाले, रोषणाई नगरपालिका करेल. मी मागितली नव्हती. पण नकोही म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं. मुलाच्या लग्नात लोभ सुटला मला.”

हात वर करताना मी गादी डोळ्यांपुढं आणली होती; गादीवर बसलेल्या आईचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. जे केलं ते पुन्हा केलं असतं, पण तेवढ्या ताठ मानेनं नसतं केलं.

“आईसाहेब,” मी म्हटलं, “अक्षतांचा मान दुसऱ्या घरी दिलात तरी माझं काही म्हणणं नाही. पण आत्याबाईंचा ह्यात दोष नाही. त्या माझ्याशी बोलतसुद्धा नाहीत. त्यांना तेवढं दुखवू नका.”

“तुमच्या सासूबाई परवा दुपारी इथं येऊन गेल्या.”

मी चमकले. परवा दुपारी आत्याबाई भैरोबाच्या देवळात जाते म्हणून काठी टेकत गेल्या होत्या. परतल्या तेव्हा उन्हानं चेहरा लाल झालेला. मी पाण्याचा तांब्या पुढं केला तर तो न घेता स्वतःच माठापाशी गेल्या होत्या.

“माझ्या वतीनं माफी मागायला आल्या असतील,” मी म्हटलं.

“माफी?” आईसाहेब पहिल्यांदाच हसल्या. “भांडायला आल्या होत्या. उंबऱ्यातच बसल्या. म्हणाल्या, ‘मान ज्याला द्यायचा त्याला द्या. परात आत्ता आणून देते. पण माझ्या सुनेला गादीची वैरीण म्हणत्यात, ते आधी थांबवा. त्याशिवाय मी हितनं उठत न्हाई.’ ”

माझ्या डोळ्यांपुढं तो न घेतलेला पाण्याचा तांब्या आला.

“तुम्हाला हा मान कशाचा आहे, ठाऊक आहे?” आईसाहेबांनी विचारलं.

“इमानाचा. कोठावळ्यांनी इमानानं कोठी राखली म्हणून.”

“तेवढंच सांगितलंय तर. मला माझ्या सासूबाईंनी सगळं सांगितलंय, ह्या घरात आले त्याच महिन्यात. वाड्यातल्या प्रत्येक सुनेला ते सांगतात.” त्यांनी हातातलं पेन बाजूला ठेवलं. “माझ्या यजमानांच्या पणजोबांचं लग्न मोठ्या दुष्काळाच्या सालात होतं. राजांनी लग्नाच्या जेवणावळींसाठी कोठीतलं धान्य मागितलं. तुमचे रंगोजी कोठावळे दरबारात आले, किल्ली पायांशी ठेवली आणि म्हणाले, ‘कोठी रयतेच्या पोटाची आहे. किल्ली महाराजांची, त्यांनी घ्यावी. पण माझ्या हातानं कुलूप उघडणार नाही.’ ”

“मग?”

“राजे संतापले. म्हणाले, ‘लग्नाला कोठी देत नाहीस, तर मग तूच दारोदार फिरून अक्षतांचे तांदूळ मागून आण.’ शिक्षा म्हणून म्हणाले. रंगोजी आणि त्यांची बायको परात घेऊन फिरले. दुष्काळात तांदूळ कुणाकडं असणार? कुणी चार दाणे टाकले, कुणी जुन्या मडक्याच्या तळाचे. पण कुणी दार लावून घेतलं नाही. ती परात बघितली आणि राजांनी जेवणावळी रद्द केल्या. कोठी रयतेसाठी उघडली. लग्न नुसत्या त्या अक्षतांवर झालं. तेव्हापासून हा मान.”

आईसाहेबांनी पुन्हा चष्मा लावला. “हा ‘नाही’ म्हणण्याचा मान आहे, कोठावळेबाई. काढून घ्यायचा म्हटलं तरी तो माझा नाही. आमच्या घराण्यानं दिला तेव्हाच तो आमच्या हातून गेला. बापूसाहेबांना मी तसं कळवलंय. परवा सोमवार आहे, परात काढा.”

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी उठवलं, आणि शाईच्या हातानं माझ्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

घरी आले तेव्हा आत्याबाई परसात बसून शेंगा सोलत होत्या. मी समोर जाऊन बसले.

“आईसाहेबांनी सांगितलं सगळं.”

“त्यांचं तोंड आहे, सांगतील.” सोळा-सतरा दिवसांनी मला उद्देशून निघालेले हे पहिले शब्द.

“रंगोजींचं मला कधी बोलला नाहीत तुम्ही.”

“परात हातात देताना सांगायचं असतंय. आधी सांगितलं तर पोरी मिजास करतात. आन् गादीला कुणी न्हाई म्हणालं, ही काय गावभर करायची गोष्ट हाय?”

“पण मी बरोबर आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“व्हतं की.”

“मग बोलत का नव्हता?”

त्यांनी शेंग खाली टाकली. “राग आला व्हता म्हणून! एकतीस वर्सं वाट बघितली, आन् तोंडाशी आलेलं जाणार म्हटल्यावर राग येणार न्हाई व्हय? तू बरोबर हाईस म्हणून माझा राग जातोय?” आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, “बस हितं. सोल जरा. बोटं दुखाय लागली.”

सोमवारी मी परात घेऊन निघाले. अकराशे उंबरे, चार दिवस. कुणी बोललं, कुणी मुकाट्यानं मूठ टाकली. क्लास सोडून गेलेल्या मुलींच्या आया डोळे चुकवत तांदूळ टाकत होत्या. बापूसाहेबांच्या दारात मला सर्वांत जास्त धाकधूक होती. ते स्वतः बाहेर आले, नाकाला मिरच्या झोंबल्यासारखा चेहरा, पण मूठ भरलेली. तांदूळ टाकले आणि सवयीनं दुसरी मूठ भरायला वळले.

“एकच, बापूसाहेब,” मी म्हटलं.

“तुम्ही हितंपण विरोधच करा,” ते म्हणाले. पण हात आवरला आणि हसले. माणूस वाईट नव्हता. दुसऱ्याच्या पैशानं मोठेपणा करायची तेवढी सवय लागली होती, ती राजकारणात कुणालाही लागते.

लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. कमान नव्हती, रोषणाई नव्हती. राजवाड्याच्या दारात आईसाहेबांनी स्वतः समया लावल्या होत्या. पण गाव लोटलं होतं. मंगलाष्टकं संपली आणि साऱ्या गावाच्या अक्षता बाळराजांवर आणि सूनबाईंवर पडल्या. माझ्या शेजारी उभ्या राहून आत्याबाई टाचा उंचावून बघत होत्या. दिसत काही नसणार, पण चेहऱ्यावरनं वाटत होतं की सगळं दिसतंय. जेवणात वांग्याची भाजी, भात, आमटी आणि एकेक बुंदीचा लाडू. तीन हजार माणसं जेवली. एवढी तृप्त जेवणावळ मी पुन्हा बघितली नाही.

घरी चालत निघालो. आमचे हे पुढं गेले होते. देवळाच्या पायरीवर आत्याबाई दम खायला बसल्या. मी पण टेकले. बरेच दिवस मनात होतं ते विचारलं.

“आत्याबाई, त्या दुपारी आईसाहेबांनी खरंच परात मागून घेतली असती तर?”

“दिली असती.”

“एकतीस वर्षं वाट बघून?”

“मग काय करू? तुला बोल लागू देऊ?” त्या माझ्याकडं अशा बघत होत्या, की एवढं साधं हिला कसं कळत नाही. “मान काय गं, एकतीस वर्सांनी एकदा यायचा. तू रोजची हाईस.”

पुढच्या चैत्रात त्या गेल्या. मी नंतर दोनदा निवडून आले, एकदा पडले, आणि कितीतरी वेळा एकटीनं हात वर केला. प्रत्येक वेळी तळहाताला घाम यायचा. पण त्या हातामागं कोण उभं आहे हे मला माहीत होतं, म्हणून तो कधी खाली आला नाही. त्या होत्या तोवर हे त्यांना मी कधी सांगितलं नाही. सासूचे उपकार तोंडावर बोलून दाखवायची आमच्याकडं रीत नाही, आणि मी रीत पाळणारी. लग्नाच्या त्या रात्री एवढंच केलं, की देवळाच्या पायरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, त्यांचे दमलेले पाय मांडीवर घेतले आणि त्या पुरे म्हणेपर्यंत चेपत बसले. त्या लवकर पुरे म्हणाल्या नाहीत.